बौद्धिक संपदेची वकिली: पात्रता आणि प्रत्यक्ष काम (अनुभव धागा)

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना पहिली शंका पदवीचीच असते. आपण कोणत्या वाटेने आलात आणि दिवसभर नेमके काय करता, ते जाणकारांनी लिहावे.

पेटंट एजंट, पुणे
मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे. पेटंट कायदा, १९७० च्या कलम १२६ नुसार पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असावी लागते आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. एलएलबीची अट नाही. त्यामुळे अर्ज दाखल करणे आणि पेटंट कार्यालयातील नियंत्रकांपुढील सुनावणीत बाजू मांडणे ही कामे मी करते, पण उल्लंघनाचा दावा न्यायालयात गेला की तिथे सनदधारक वकीलच उभा राहतो. माझा बराचसा वेळ संशोधकांकडून आकडे मिळवण्यात जातो. माहीत असलेल्या औषधाचा नवा क्षार जुन्यापेक्षा अधिक टिकाऊ आहे, असे ते उत्साहाने सांगतात; पण कलम ३(घ) ला उपचारातील परिणामकारकता वाढलेली हवी असते, आणि नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या कर्करोगावरील औषधाच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी काटेकोरपणे लावली. म्हणून मसुद्याला हात घालण्यापूर्वी मी तुलनात्मक चाचण्यांचे तक्ते मागते. शोधनिबंध आधीच छापून आला असेल, तर मात्र शोध नवा राहत नाही आणि बहुतेक वेळा तक्त्यांचाही उपयोग होत नाही.

ट्रेडमार्क वकील, मुंबई
वाणिज्य शाखेची पदवी, तीन वर्षांची एलएलबी आणि बार कौन्सिलची सनद एवढ्यावर माझे काम चालते. मसाल्याचे उत्पादक 'शुद्ध' किंवा 'चविष्ट' अशी नावे घेऊन येतात आणि मालाचे नुसते वर्णन करणाऱ्या नावाची नोंदणी सहसा होत नाही, हे त्यांना पटवण्यात अर्धी बैठक संपते. बाकी सारा मुदतींचा हिशेब: ट्रेडमार्क कार्यालयाचा परीक्षण अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर, ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी झाल्यापासून चार महिन्यांत दुसऱ्याच्या नोंदणीला विरोध. न्यायालयापेक्षा दिनदर्शिकाच जास्त पाहावी लागते.

कॉपीराइट सल्लागार, नाशिक
माझ्याकडे बहुतांश लेखक येतात, तेही सही करून झाल्यावर. हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता, असे कॉपीराइट कायद्याचे कलम १९ मानते. ही तरतूद अनेक प्रकाशकांनाही ठाऊक नसते. त्यामुळे करार चाळताना मी मानधनाच्या आकड्याआधी मुदत आणि प्रदेश या दोन अटी शोधतो.