अपग्रेड झालं, मागे उरलेल्या पॅकेजांचं काय करायचं?

टर्मिनलवाला:
परवा डेबियन लिनक्स १२ वरून १३ वर आलो. मशीन तसं जुनं, ११ पासून चढत आलेलं. सगळं सुरळीत झाल्यावर ॲप्टला (पॅकेजेस आणणारं-काढणारं साधन) टिल्ड-ओ (~o) हा नमुना देऊन यादी काढली. म्हणजे मशीनवर आहेत, पण आता कुठल्याच रिपॉझिटरीत, म्हणजे ॲप्ट जिथून पॅकेजेस आणतं त्या भांडारात, नाहीत अशी पॅकेजेस. ८७ निघाली! माझं मत: सरसकट पर्ज करावीत, म्हणजे कॉन्फिग फाइलींसकट काढून टाकावीत. जागेचा प्रश्न नाही, ती जेमतेम अर्धा जीबी सुटेल. पण ज्याला वालीच उरला नाही त्या पॅकेजमध्ये उद्या भोक सापडलं तर ठिगळ कोण लावणार? माझ्या यादीत ओपनएसएसएल १.१ ची, म्हणजे एन्क्रिप्शनची, लायब्ररी आहे. मूळ प्रकल्पाने १.१.१ चा सर्वसाधारण सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच थांबवला. रोज अपडेट मारतो, ‘सर्व अद्ययावत’ वाचून खूश होतो, आणि ॲप्ट या लायब्ररीबद्दल चकार शब्द काढत नाही. डेबियनच्या रिलीज नोट्ससुद्धा ही सफाई करायला सांगतात. तरी लोक ‘चालतंय ना, मग हात कशाला लावा’ म्हणतात.

खोडरबर:
ते म्हणणाऱ्यांपैकी मी एक. सरसकट या शब्दालाच माझा विरोध आहे. टिल्ड-ओ म्हणजे ‘निकामी’ नव्हे, ‘हे कुठून आलं ते ॲप्टला आता माहीत नाही’ एवढंच. हाताने डेब फाइल (डेबियनच्या पॅकेजची फाइल) आणून टाकलेलं, स्वतः बांधलेलं, सगळं त्यातच येतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं.
माझंच सांगतो. रात्रीचा बॅकअप क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालतो. त्या स्क्रिप्टचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (तिच्यापुरती वेगळी पायथनची मांडणी) मी थेट पायथन ३.११ वर बांधलेलं. १३ मध्ये आला ३.१३, म्हणून ३.११ जुना ठरला आणि मी तो मोठ्या उत्साहाने उडवला. ॲप्टने हूं की चूं केलं नाही, कारण होम फोल्डरमधल्या स्क्रिप्टला काय लागतं हे त्याला दिसतच नाही. दिवसा सगळं मजेत. चौथ्या दिवशी एक फाइल परत हवी होती, तेव्हा कळलं की चार रात्री बॅकअप झालेलाच नाही.

टर्मिनलवाला:
यात चूक पॅकेज काढण्याची कुठे? तो क्रॉन जॉब बोंबलला तेव्हा तुम्हाला मेल यायला हवा होता. आणि ३.११ ठेवला असता तर तोही पुढे विनाअपडेटचाच चालला असता. मोडलं ते बरंच झालं म्हणायचं.

खोडरबर:
मोडलं ते बरं झालं? दुसऱ्याचा बॅकअप असला की बोलायला सोपं असतं, राव.

एक_विदासेवक:
दोघेही डेस्कटॉपचा विचार करताय. सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर हे वाचा. १२ मध्ये पोस्टग्रेस १५ होता, १३ मध्ये १७. अपग्रेडनंतर दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. तुमचा सगळा डेटा अजून १५ मध्येच असतो, १७ चं क्लस्टर (त्या आवृत्तीचा डेटाबेसांचा संच) रिकामं. डेटा तुम्ही स्वतः हलवायचा. तोवर १५ चं पॅकेज टिल्ड-ओच्या यादीत दिमाखात बसलेलं. पर्ज केलं की डेटाच्या डिरेक्टऱ्याही काढू का, असा प्रश्न येतो. त्याचं ठरलेलं उत्तर आहे ‘हो’. आणि स्क्रिप्टमधून, प्रश्न न विचारण्याच्या मोडमध्ये पर्ज केलं असेल तर? विचारायलाही कोणी येत नाही.
गंमत म्हणजे ऑटोरिमूव्ह, ही ॲप्टची नको ती पॅकेजेस काढायची आज्ञा, इथे शहाणी आहे. ज्या आवृत्तीचं क्लस्टर मशीनवर आहे तिला ती हात लावत नाही. टिल्ड-ओ पर्जला तेवढी अक्कल नाही.

टर्मिनलवाला:
हे मला खरंच माहीत नव्हतं. सरसकट हा शब्द मागे घेतो. पण मग फक्त ऑटोरिमूव्हवर थांबा, असं कोणी म्हणणार असेल तर तेही पटत नाही. ते दुसऱ्या पॅकेजला लागतं म्हणून आपोआप आलेलं आणि आता कोणालाच नको असलेलंच काढतं. २०२१ मध्ये मी हौसेने नाव घेऊन टाकलेलं ‘मॅन्युअल’ म्हणून नोंदलेलं असतं, त्याला ते जन्मात शिवणार नाही.

एक_विदासेवक:
ते बरोबर. म्हणून वाचून काढा, एवढंच. आणि आधी पर्ज नको, नुसतं रिमूव्ह करा. कॉन्फिग जागेवर राहतात, चुकलं तर निस्तरता येतं.

खोडरबर:
८७ ओळी वाचत कोण बसणार? मी तर पुढच्या वेळी कोरं इन्स्टॉल करणार.

टर्मिनलवाला:
मी बसलो. पाऊण तास गेला. ७१ काढली. १६ राहिली, त्यातली ११ हाताने आणलेली डेब आहेत. ओपनएसएसएल १.१ काढायला गेलो आणि थांबलो. ऑप्ट फोल्डरमधला स्कॅनरचा जुना प्रोग्रॅम त्यावरच उभा आहे, एलडीडी (प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ऱ्या लागतात ते दाखवणारी आज्ञा) मारल्यावर दिसलं. आता स्कॅनर बदलू की लायब्ररी ठेवू?

खोडरबर:
‘चालतंय ना, मग हात कशाला लावा’ 😄
बाय द वे, टिल्ड-सी (~c) पाहिलंत का? पॅकेज गेलेलं, पण कॉन्फिग मागे राहिलेलं, त्यांची यादी.

टर्मिनलवाला:
आत्ता पाहिली. १४२. उद्या बघतो.