मदत हवी आहे: जांभळाच्या बियांचा अर्क, अमायलेजचं निरोधन उणे येतंय

रानजाई:
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हा अर्क स्वादुपिंडातलं अल्फा-अमायलेज (स्टार्च तोडून साखर करणारं एन्झाइम) किती रोखतो, म्हणजे त्याचं निरोधन, ते मोजतेय. बिया दादरच्या बाजारातल्या, सावलीत वाळवून दळलेल्या, अर्क ७०% मेथॅनॉलमधला. ०.५ मिग्रॅ/मिली एन्झाइम आणि अर्क प्रत्येकी ५०० मायक्रोलिटर, १० मिनिटं. मग १% स्टार्च ५०० मायक्रोलिटर, आणखी १० मिनिटं. डीएनएसए (साखरेमुळे रंग बदलणारं अभिकर्मक) १ मिली, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, १० मिली पाणी, ५४० नॅनोमीटरला वाचन. कमी मात्रेला थोडं निरोधन दिसतं, मात्रा वाढवली की थेट उणे! ब्लँक (वजा करायचं पार्श्वभूमीचं वाचन) पाण्याचा आहे. सोमवारी गाईडना आकडे दाखवायचेत.

मुलुंडकर:
ब्लँकमध्येच घोळ आहे. डीएनएसए फक्त माल्टोजवर (स्टार्च तुटून होणाऱ्या साखरेवर) रंग देत नाही. अर्कातली स्वतःची क्षपणक (डीएनएसएला इलेक्ट्रॉन देऊन रंग आणणारी) साखर आणि गॅलिक आम्लासारखी फिनॉलंही त्याचं क्षपण करतात, वर अर्काचा मूळ तपकिरी रंग. त्यामुळे अर्क जितका जास्त तितकं वाचन चढतं आणि खरं निरोधन झाकलं जातं. प्रत्येक मात्रेला वेगळा ब्लँक लावा: अर्क, स्टार्च, एन्झाइमऐवजी बफर, पुढे डीएनएसए आणि उकळणं अगदी तसंच. कंट्रोल (अर्काविना नळी) आणि नमुना दोन्हींतून आपापला ब्लँक वजा करूनच टक्के काढा.

ब्लँकचं वाचनच १ च्या वर गेलं तर वजाबाकीवर भिस्त ठेवू नका. वाळलेला अर्क पाण्यात कालवून इथाइल ॲसिटेटबरोबर तीनदा हलवा. साखर पाण्यात राहते, फिनॉलं बरीचशी वरच्या इथाइल ॲसिटेटच्या थरात येतात. फिनॉलांचा त्रास मात्र उरतोच.

आणि कृतीत २५ अंशांना 'रूम टेंपरेचर' म्हटलं असेल तर मुंबईत ते खरं नसतं. वॉटर बाथ ३७ वर लावा.

सह्यकडा:
उणे आकडे नाहीसे झाले म्हणजे काम झालं असं नाही, ताई. जांभळाच्या बियांत टॅनिन भरपूर. ते कुठल्याही प्रथिनाला चिकटून गाळ पाडतं आणि आकडा झकास येतो, पण ते खास अमायलेजचं निरोधन नव्हे. मिसळताक्षणी नळी उजेडात धरा, दुधाळ झाक आली की समजा. बफरमध्ये ०.०१% ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट) घालून पुन्हा मोजा. निरोधन गळालं तर ते गुठळ्यांचं होतं. दुसरी खूण, एन्झाइम दहापट केल्यावर आयसी-५० (एन्झाइमचं काम निम्मं करणारी मात्रा) फार सरकतो. पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी न विरघळणारी पावडर) टॅनिन काढूनही पाहा, मात्र ते बाकीची फिनॉलंही ओढतं.

रानजाई:
खूप आभार! तुलनेसाठी अकार्बोज (अमायलेज रोखणारं मधुमेहाचं औषध) हवंय, त्यासाठी औषधाच्या दुकानातली गोळी कुटून चालेल का?

मुलुंडकर:
नको. गोळीत पूरक म्हणून स्टार्च असू शकतो, म्हणजे एन्झाइमला आयतं खाद्य. शुद्ध अकार्बोजच घ्या. बफरमध्ये ६ मिलिमोलर मीठ आहे ना ते बघा, क्लोराइडशिवाय हे एन्झाइम सुस्त पडतं. कॅल्शियम धरून घेणारं ईडीटीए अजिबात नको, कॅल्शियम गेलं की एन्झाइम गेलं.

सह्यकडा:
वाळलेला अर्क सिलिका जेलवर डेसिकेटरमध्ये ठेवा आणि झटपट तोला. इथल्या पावसाळी हवेत तो बघता बघता गुळासारखा चिकट होतो, मग १०० मिलिग्रॅममध्ये पाणी किती, अर्क किती, कळत नाही.