रस्ता आणि ड्रॅग दोन्हींसाठी चाकं: १५ इंच की १७?

कास रोड
गाडी पोलो जीटी टीएसआय, टायर १८५/६० आर१५ (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची म्हणजे प्रोफाइल तिच्या ६० टक्के, रिम १५ इंच). रोज सातारा-कराड, अधूनमधून ४०२ मीटर ड्रॅग (सरळ रस्त्यावरची शर्यत). दुकानदार १७ इंची मॅगव्हील (अलॉय चाकं) सुचवतोय. मला वाटतं, १५ इंची हलक्या अलॉयचा एकच सेट दोन्हीकडे चालावा.

मिरज जंक्शन
१५च घ्या. गाडी सुटताना वजन मागं जातं आणि ओढणारी पुढची चाकं जागेवर फिरतात. तिथं टायरची बाजू थोडी दबली तर पकड मिळते. २१५/४० आर१७ चा व्यास तेवढाच, ६०४ मिमी, पण बाजू १११ वरून ८६ मिमीवर येते. शिवाय वजन कडेला गेल्यानं चाक फिरवायलाच ताकद खर्च होते. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर तर ४० प्रोफाइलच्या रिमची आतली कड वाकलीच समजा.

यवतेश्वर
एकच सेट हे पटत नाही. ड्रॅगचं मऊ सेमी-स्लिक (जवळपास खाचा नसलेलं टायर) पावसात घाटात घालणं धोक्याचं, आणि रस्त्याचं टायर सुटताना घसरणारच. रस्त्यासाठी १६-१७ ठेवा, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते. ड्रॅगला १५ वर १९५/५० चढवा.

मिरज जंक्शन
१९५/५० चा व्यास ५७६, म्हणजे गिअरिंग साडेचार टक्के आखूड, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. सुटायला छान, पण शेवटाला एक गिअर जास्त टाकावा लागू शकतो. १९५/५५ ला फरक सव्वा टक्काच. चांगलं रस्त्याचं टायर, ड्रॅगला पुढच्या टायरात हवा २४-२५ पीएसआय, आणि परतीला निघण्याआधी गाडीवरच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी हवा. विसरलात तर हायवेला बाजू तापून टायर फुटेल.

यवतेश्वर
वेळ कमी करायची असेल तर मऊ रबरच लागतं, हवा कमी करून ते भागत नाही. माझं मत दोन सेटच.

पाना नं. १७
सेट एक घ्या नाहीतर दोन, आधी बोल्ट बघा. पीसीडी ५×१०० (१०० मिमी वर्तुळावर पाच बोल्ट), मधलं भोक ५७.१ मिमी, रिमचं मोठं असेल तर मधली फट भरणारी हब रिंग हवीच. कंपनीच्या बोल्टचं डोकं गोल बसतं, बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूचं लागतं. जुनेच बोल्ट आवळले तर फक्त कडेवर टेकतात आणि ढिले होतात. इम्पॅक्ट गनने ठोकू देऊ नका. टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) १२० एनएम, ८०-१०० किमीनंतर पुन्हा.

कास रोड
७ इंच रुंद, ईटी ३५ (ऑफसेट: हबवर टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून ३५ मिमी बाहेर) रिम बसेल का?

पाना नं. १७
मूळ ६ इंच, ईटी ४० धरलं तर चाक बाहेर १७.७ आणि आत ७.७ मिमी सरकतं. मागं तिघं बसवून मागची कमान बघा, पुढं स्टिअरिंग पूर्ण फिरवून आतलं प्लास्टिक. कमानीला घासत असेल तर ईटी ३८ शोधा.