तीस वर्षं वाजवतोय, तरी बॅन्डचा नाही? (स्टार लोकांच्या मागचे बेसवाले, म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारे)

खर्जातला:
डॅरिल जोन्स हे नाव किती जणांना माहितीये? आणि रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बॅन्ड किती जणांना? बस्स, हाच माझा मुद्दा आहे.

त्यांचा बेसवाला बिल वायमननं १९९३ च्या सुरुवातीला स्टोन्स सोडलं. मग बऱ्याच बेसवाल्यांना बोलावून वाजवून बघितलं, आणि गायक मिक जॅगर आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स यांनी शेवटी निवड ड्रमर चार्ली वॉट्सवर सोपवली, कारण काही झालं तरी ड्रमर आणि बेसवाला यांचं जमायला लागतं. चार्ली पडला जॅझवेडा, आणि हा शिकागोचा पोरगा एकविसाव्या वर्षी जॅझमधल्या माइल्स डेव्हिसकडे लागलेला, नंतर स्टिंगबरोबर, मग मॅडोनाच्या १९९० च्या टूरवर. चार्लीनं ह्याच्यावर बोट ठेवलं. १९९४ पासून टूरवर बेस हाच वाजवतोय.

आणि आजही तो मेंबर नाही. पोस्टरवर नाही, बॅन्डच्या फोटोत नाही. वायमन तीस वर्षं होता, ह्याचीही तीस भरली. २०२३ च्या अल्बमवर तर बेस कोणी वाजवलाय बघा, एका गाण्यावर पॉल मॅकार्टनी, एकावर चक्क बिल वायमन, बाकी निर्माता अँड्र्यू वॉट, कीथ आणि दुसरा गिटारवाला रॉनी वुड. डॅरिल कुठेच नाही! राबायला हा आणि मिरवायला सगळे. ऑफिसात कोणाला तीस वर्षं टेम्पररी ठेवलं तर आपण बोंब मारतो ना? मग इथे का गप्प?

ठोकळ:
कारण ऑफिस आणि बॅन्ड यात फरक आहे. स्टोन्स ही १९६२ ची कंपनी आहे राव, कंपनीच. मेंबर म्हणजे भागीदार. नफ्यात वाटा, नावात वाटा, निर्णयात मत. बत्तीस वर्षं चाललेल्या दुकानात कोणी नवीन माणूस आला तर त्याला पहिल्या दिवशी गल्ल्याची किल्ली देतात का? रॉनी वुड १९७५ च्या टूरला आला, तो सगळ्या फोटोंत आहे, जगभर 'स्टोन' म्हणून ओळखला जातो, पण वर्षानुवर्षं पगारावरच होता, वाटा मिळाला तो नव्वदच्या दशकात. कीबोर्डवाला चक लेव्हेल १९८२ पासून आहे, तोही मेंबर नाही. म्हणजे डॅरिलवर कोणी खास डूख धरलाय असं काही नाहीये.

आणि अल्बमचं म्हणाल तर कीथ साठच्या दशकापासून स्टुडिओत स्वतःच बेस ओढून घेऊन वाजवतो. वायमन बिचारा मेंबर असून बाजूला बसायचा. २०१६ च्या ब्लूजच्या अल्बमवर डॅरिल आहे, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात.

खर्जातला:
विसरलो नाही, लिहिलं नाही :) पण तीस वर्षांनंतरही 'नवीन माणूस'?

जुनीकॅसेट:
डॅरिलचं सोडा हो, त्याला निदान टूरचे पैसे तरी बरे मिळत असतील, मला कायम आठवतो तो बेसवाला हर्बी फ्लॉवर्स. गायक लू रीडचं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड', १९७२, लंडनमध्ये रेकॉर्ड झालेलं, ते गाणं सुरू होतं तेव्हा गायक नाही, ड्रम नाहीत, काही नाही, फक्त तो बेस, एक सूर घसरत दुसऱ्यावर जातो आणि परत येतो, इतकंच, आणि दोन सेकंदांत जगातला कोणीही माणूस ओळखतो की कुठलं गाणं आहे. हेडफोन लावून ऐका, तिथे एक बेस नाहीये, दोन आहेत. खाली मोठा उभा डबल बेस आणि त्याच्यावर त्यानंच नंतर वाजवलेला इलेक्ट्रिक, दोघं मिळून घसरतात म्हणून तो आवाज असा गोल आणि जरा झोपाळलेला लागतो. आणि हे सुचलं का, तर सेशनवाल्यांच्या (रेकॉर्डिंगपुरते फीवर वाजवणाऱ्यांच्या) नियमात एकाच गाण्यावर दोन वाद्यं वाजवली की दुप्पट फी मिळायची, हे त्यानंच मुलाखतींत हसत हसत सांगितलंय. किती मिळाले? १७ पौंड.

पुढे १९९० ला अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट ह्या हिपहॉप ग्रुपनं तोच बेस उचलून त्याच्यावर आख्खं गाणं उभं केलं, तेही हिट, आणि त्याचे पैसे गेले लू रीडला. म्हणजे ज्यानं ती ओळ वाजवली त्याला १७ पौंड आणि ज्यानं त्या ओळीवर कविता म्हटली त्याला जन्मभर. २०२४ मध्ये गेला हर्बी. बातम्यांत पहिल्या वाक्यात काय होतं सांगायला नको.

ठोकळ:
गोष्ट छान आहे, पण ती माझ्याच बाजूची आहे. हर्बी सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या, असं काम करणारा माणूस. त्यानं वाजवलेल्या शंभर गाण्यांतली नव्व्याण्णव आपटली असतील तेव्हा फी परत केली का त्यानं? नाही ना? पडलेल्या गाण्याचा तोटा नको पण चाललेल्या गाण्यात वाटा हवा, असं कसं चालेल? आणि त्यानं स्वतः कधी फारसं गाऱ्हाणं केलेलं मी वाचलं नाही, आपण मात्र त्याच्या वतीनं रडतोय.

शिवाय हा माणूस काही गरीब गाय नव्हता. १९७४ मध्ये रॉक गायक डेव्हिड बोवीच्या टूरवर फिलाडेल्फियात कॉन्सर्ट रेकॉर्ड करून लाइव्ह अल्बम काढायचं ठरलं होतं, वादकांना त्याचे वेगळे पैसे देण्याचा पत्ता नाही. ह्यांना माइक जास्तीचे लावलेले दिसले तेव्हा कळलं! हर्बीनं सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, पैशाचं बोला, नाहीतर आम्ही स्टेजवर येत नाही. बोवीला कबूल व्हावं लागलं. असं असतं. तोंड आहे, वापरायचं.

उगाचसुचलं:
शो सुरू व्हायच्या आधी तोंड उघडलं म्हणून मिळालं. शो संपल्यावर उघडलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या फक्त.

खर्जातला:
बोवीचं काढलंच आहे तर ट्रेव्हर बोल्डरचं पण बोला. स्पायडर्स फ्रॉम मार्स ह्या बोवीच्या मागच्या बॅन्डचा बेसवाला, ते चमकते कपडे आणि पांढरे कल्ले. ३ जुलै १९७३, लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन. शेवटच्या गाण्याआधी बोवी माइकवर येऊन म्हणाला की हा आमचा शेवटचा शो. पब्लिक किंचाळलं. आणि स्टेजवर मागे उभ्या असलेल्या बोल्डरला आणि ड्रमर वूडमन्सीला हे तेव्हाच कळलं, पब्लिकबरोबर! गिटारवाल्या मिक रॉन्सनला आधी माहीत होतं, ह्या दोघांना नाही. नोकरी गेल्याची बातमी हजारो लोकांसमोर लाउडस्पीकरवरून, आणि लगेच पुढचं गाणं वाजवायचं, सुरात. त्याच टूरमध्ये त्यांना असंही कळलेलं की मागाहून आलेल्या पियानोवाल्या माइक गार्सनला त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पगार आहे.

इथे कुठे तोंड वापरणार होता बोल्डर?

मधलीफळी:
त्यांनी पगारवाढीचं बोलणं लावलं होतं की. तोंड वापरलं म्हणूनच गेले असंही म्हणणारे आहेत :P

ठोकळ:
बोवी वाईट वागला, मान्य. पण बोल्डर संपला का? पुढे युराया हीप ह्या बॅन्डमध्ये गेला, मधली दोनेक वर्षं सोडली तर २०१३ ला मरेपर्यंत तिथेच वाजवत होता, गाणी लिहिली, मेंबर होता. एका वर्षाच्या अपमानावर आख्ख्या माणसाला 'बिचारा' ठरवून टाकायचं हे मला पटत नाही.

चारतारा:
सगळे पुरुष पैशावर भांडताय, वाजवण्यावर कोणी बोलेल का? मी बेस वाजवते, कोणी मोठी नाही, पण गाणाऱ्याच्या मागे उभी राहून वाजवलंय बऱ्याचदा, म्हणून जरा बोलते.

बेस चांगला असला की लोकांना कळत नाही. गिटार चुकली तर लोक म्हणतात गिटार चुकली. बेस चुकला तर लोक म्हणतात आज गायकात दम नव्हता. हे खरंच होतं. डॅरिलचंच घ्या. चार्लीची एक सवय होती, डावा हात स्नेअर ड्रमवर पडायच्या क्षणी उजवी काठी हायहॅटवरून (झांजांच्या जोडीवरून) उचलायचा, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला एक बारीकशी फट पडते. वर स्टोन्समध्ये बाकी बॅन्ड ड्रमरच्या मागे जात नाही, सगळे कीथच्या मागे जातात, आणि कीथ त्याच्या लहरीत. ह्या दोघांमध्ये उभं राहून बेसचा सूर किती लांबवायचा आणि कुठे तोडायचा हे दर ठोक्याला ठरवायचं, आणि तेही माइल्सकडे शिकलेलं दहा टक्केच बाहेर काढून. बोटं शिवशिवत असताना कमी वाजवणं फार अवघड हो. मला तरी अजून जमत नाही.

आणि बेस वाजवणाऱ्या गेल अ‍ॅन डॉर्सीचं नाव आत्तापर्यंत कसं कोणी घेतलं नाही? १९९५ पासून बोवीकडे. 'अंडर प्रेशर' हे बोवी आणि क्वीन बॅन्डचं मिळून गायलेलं गाणं, त्यात बोवी स्वतःचं गाणार आणि क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीचा भाग हिनं गायचा, बेस वाजवत वाजवत! त्या गाण्याचा बेस वेगळ्या खणात चालतो आणि गळा वेगळ्या. मी घरी करून बघितलं, चौथ्या ओळीला बोटं गळ्याच्या मागे जायला लागली. जुने व्हिडिओ बघा, बोवी बाजूला उभा राहून तिच्याकडे बघत असतो, स्टार कोण आहे हे विसरल्यासारखा. ती काही 'मागे' नव्हती.

जुनीकॅसेट:
+१. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितलाय त्याचा हिशोब नाही.

खर्जातला:
चारतारा, हेच तर म्हणतोय मी. एवढं सगळं करणाऱ्या माणसाला बॅन्डचं नाव का नको?

उगाचसुचलं:
कारण नाव मिळालं म्हणजे पैसे मिळतात हा समज चूक आहे. द स्मिथ्स ह्या ब्रिटिश बॅन्डचा अँडी रूर्क बघा. बेसवाला, पूर्ण मेंबर, सगळ्या फोटोंत. वाटा? १० टक्के. गायक मॉरिसी आणि गिटारवाला मार ४०-४०. तो आणि ड्रमर माइक जॉइस कोर्टाच्या वाटेला लागले, रूर्कला पैशाची निकड होती म्हणून १९८९ मध्ये ८३,००० पौंड आणि पुढचे १० टक्के यावर त्यानं मिटवून टाकलं. जॉइस अडून बसला, १९९६ मध्ये जिंकला, २५ टक्के आणि दहा लाख पौंडांच्या आसपास. म्हणजे मेंबर असूनही शेवटी वकील कोणाचा दमाचा हाच प्रश्न.

मधलीफळी:
मूळ गोची आहे ती 'गाणं म्हणजे काय' ह्याच्यात. कायद्याच्या लेखी गाणं म्हणजे शब्द आणि चाल. बेसची ओळ कितीही भारी असली तरी ती 'वाजवलेली' धरतात, 'लिहिलेली' नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला जातात, वाजवणाऱ्याला शून्य. अगदी स्टारनं दुसऱ्याचं गाणं गायलं असेल तर त्यालाही शून्य. डिजिटल रेडिओला जरा बरं आहे, तिथे रेकॉर्डिंगच्या पैशातले ५० टक्के कंपनीला, ४५ मुख्य कलाकाराला आणि उरलेले ५ मागच्यांना. त्यातले अडीच मागे गाणाऱ्यांना, अडीच वाजवणाऱ्यांना. सगळ्या वाजवणाऱ्यांना मिळून! ब्रिटनमध्ये वाजवणाऱ्यांनाही रेडिओचा थोडा वाटा मिळतो, पण तेही फार उशिरा सुरू झालं.

आणि मेंबर असलं तरी हेच. वायमन वर्षानुवर्षं सांगत आलाय की 'जम्पिंग जॅक फ्लॅश' ची ती सुरुवातीची ओळ त्याला पियानोवर सापडली. रेकॉर्डवर नाव? जॅगर-रिचर्ड्स.

एकच मोठा अपवाद मला आठवतो, प्रोकोल हॅरमचा ऑर्गनवाला मॅथ्यू फिशर. १९६७ च्या त्यांच्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' ह्या प्रसिद्ध गाण्यातली ऑर्गनची ओळ ही पण गाण्याचाच भाग आहे म्हणून भांडला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्याच्या बाजूनं निकाल दिला. संगीतात ४० टक्के वाटा, पण पुढच्या कमाईतला, मागच्या नाही. बेसवाल्यानं असं कधी केलं असतं तर? हर्बीची केस मला तरी जिंकण्यासारखी वाटते.

ठोकळ:
हां, हे पटलं. गाण्यात वाटा हे मी समजू शकतो. ज्याची ओळ काढली की गाणंच उरत नाही त्याला मिळायला हवं. पण डॅरिलची तक्रार ती नाहीये. तो टूरवर वायमनच्या ओळी वाजवतो, स्वतःच्या नाही.

खर्जातला:
अगदी नेमक्या ठिकाणी मारलंत. पण मग गॅरी टॅलेन्ट? गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बॅन्डचा बेसवाला, अगदी पहिल्या दिवसापासून, ओळी स्वतःच्या. १९८९ मध्ये ब्रूसनं एकेकाला फोन करून सांगितलं की आता वेगळ्या लोकांबरोबर काम करणार. फोनवर! दहा वर्षांनी परत बोलावलं, हा परत आला. १९९९ मध्ये रॉक हॉल ऑफ फेमनं ब्रूसला एकट्याला घेतलं. बॅन्डला घेतलं २०१४ मध्ये, आणि तोवर बॅन्डमधले क्लॅरेन्स क्लेमन्स आणि डॅनी फेडेरिची दोघंही गेले होते. टॅलेन्टचा स्वतःचा पहिला अल्बम कधी आला माहितीये? २०१६. वय ६६.

ठोकळ:
आला ना पण? आणि परत बोलावल्यावर कोणी हात धरून ओढलं नव्हतं.

चारतारा:
ठोकळ, तुम्ही कधी फोनची वाट बघत बसलायत का? बेसवाल्याचं आख्खं करिअर म्हणजे दुसऱ्याचा फोन. तो यायचा थांबला तर का थांबला हेही कोणी सांगत नाही. माझा एकदा थांबला. वाईट वाजवलं असं कोणी म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं.

ठोकळ:
नाही, माझ्यावर ती वेळ आली नाही. ते खरं आहे.

जुनीकॅसेट:
अवांतर: २०१२ ला स्टोन्सच्या पन्नाशीचे शो झाले लंडनला ओटूमध्ये, त्यात वायमनला पाहुणा म्हणून बोलावलेलं, फक्त दोन गाण्यांपुरतं. त्याला वाटलं होतं जास्त वाजवायला मिळेल, चिडला, आणि पुढे अमेरिकेतल्या शोंना गेलाच नाही. म्हणजे जुना मेंबर दोन गाणी वाजवून नाराज, आणि जो मेंबर नाही तो उरलेला आख्खा शो वाजवून हॉटेलवर. ह्यात खुश कोण होतं ते तुम्हीच ठरवा, मला खरंच कळत नाही.

खर्जातला:
त्या दोन गाण्यांच्या वेळी डॅरिल कुठे उभा होता ते कोणी बघितलंय का? मी शोधतोय, कॅमेरा सारखा वायमनवरच जातो.