शब्दचर्चा : सूक्ष्मजीवांची चटई की साय?

नाशिकच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. जुन्या जीवाश्मांच्या तक्त्यावर मी ‘मायक्रोबियल मॅट’साठी, म्हणजे गाळावर जीवाणूंचा जो चिकट थर धरतो त्यासाठी, ‘सूक्ष्मजीवांची चटई’ लिहिलं. मुलगी म्हणाली, “आई, जंतू चटई विणतात?” तेव्हापासून शब्द खटकतोय. सरळ ‘शेवाळ’ लिहू का?

– शेवाळ नको, ताई. शेवाळाच्या पेशीत केंद्रक असतं. हे थर बांधणारे जीवाणू, त्यांना केंद्रक नाही. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात अशा थरांच्या खुणा सुमारे 348 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात आहेत. तेव्हा शेवाळ कुठलं?

– मी ‘साय’ सुचवेन. उन्हाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी ओसरलं की काठाच्या गाळावर हिरवट, बुळबुळीत साय राहते. ती वाळली की कडा पापडासारख्या वर वळतात. एक तुकडा उलटून बघा, खाली वाळूचे कण चिकटलेले दिसतील. सगळं मर्म त्यात आहे. चिकट साय कण धरून ठेवते, वर गाळ साचला की जीवाणू उजेडासाठी त्यातून वर सरकतात आणि नवी साय धरते. पिलबाराच्या खडकातही सुरकुत्या आणि अशा सायीच्या तुटक्या खपल्या मिळाल्या आहेत. एकही पेशी शिल्लक नसताना, तिथे कुणीतरी जगत होतं हे त्यावरून कळतं.

– ओली ती साय, वाळली की खपली. छान! आणि अशा थरांवर थर चढून दगड झाला की तो ‘स्ट्रोमॅटोलाइट’. ग्रीक ‘स्ट्रोमा’ म्हणजे अंथरूण, ‘लिथोस’ म्हणजे दगड. आपल्या ‘प्रस्तर’मध्ये दोन्ही अर्थ आहेत. संस्कृतात तो आधी अंथरलेलं गवत, मग दगड. त्याचा ‘स्तृ’ धातू आणि ‘स्ट्रोमा’ एकाच मुळाचे. म्हणून ‘साय-प्रस्तर’ म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

– मुलं नमुना मागतील, पण नाशिकचा काळा दगड लाव्ह्याचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. त्यात हे मिळायचं नाही. उदयपूरजवळ झामरकोटड्याला किंवा उत्तर प्रदेशात सलखनला बघायला मिळतात.

– सगळ्यांचे आभार. ‘साय-प्रस्तर’ मोठ्यांच्या तक्त्यावर घेते. पाचवीच्या मुलांसाठी ‘सायीचा दगड’ लिहिलं, आणि शेजारी बशीत गंगापूरच्या काठची एक वाळकी खपली ठेवणार आहे.