मदत हवी आहे: गीता १८.६१ आणि १८.६३ एकत्र कसे लावायचे?

आमच्या गीतावाचनाची गाडी अठराव्या अध्यायात अडली आहे. ६० व्या श्लोकात कृष्ण अर्जुनाला सांगतो की मोहामुळे जे करायचं नाही म्हणतोस, तेच तू स्वभावाने बांधलेला असल्यामुळे ‘अवशोऽपि’, म्हणजे मनाविरुद्ध का होईना, करशील. ६१ मध्ये ईश्वर सगळ्या भूतांना (प्राणिमात्रांना) यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो. आणि लगेच ६३ मध्ये ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुझी इच्छा असेल तसं कर! जो फिरवला जातोय त्याने स्वतःची इच्छा आणायची कुठून? हा प्रश्न मला सोडतच नाही.

शंकराचार्यांचं गीतेवरचं शांकरभाष्य ३.३३-३४ पाहिलं. सगळे प्रकृतीप्रमाणेच (जन्मजात स्वभावाप्रमाणेच) वागत असतील तर शास्त्र व्यर्थ ठरेल, ही शंका आचार्य स्वतःच काढतात आणि रागद्वेषांना (ओढ आणि तिटकारा यांना) सुरुवातीलाच आवरणं माणसाच्या हाती ठेवतात. पटतं, पण ते तिसऱ्या अध्यायापुरतं. ब्रह्मसूत्र या वेदान्ताच्या सूत्रग्रंथातही २.३.३३ मध्ये जीव (देहातला आत्मा) कर्ता, २.३.४१ मध्ये ते कर्तृत्व ईश्वराधीन. टिळकांच्या गीतारहस्यातलं ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ प्रकरणही वाचून झालंय.

संस्कृत मला मराठी अर्थाच्या आधारानेच कळतं. ‘दोन्ही खरं’ एवढंच उत्तर नको, मेंदूविज्ञानही नको. ६१ आणि ६३ समोरासमोर ठेवून उलगडणारं भाष्य कोणतं, आणि त्यात इच्छा करणारा कोण धरलाय: जीव, की त्याची प्रकृती?