टू-पार्ट घरी बनवावं की नाही? (पुणे, खाऱ्या पाण्याच्या टाक्या)

डोसर_कोथरूड
टू-पार्ट म्हणजे कोरलच्या टाकीत घालायची दोन द्रावणं: एक कॅल्शियमचं, दुसरं अल्कलिनिटीचं (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप). माझं मत सरळ आहे. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीच्या आयात बाटल्या घेणं म्हणजे परदेशातून पाणी मागवणं. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा, बाकी सगळं पाणीच. शेजारच्या धाग्यावर कुणी तरी 'घरचं टू-पार्ट म्हणजे टाकीशी जुगार' असं लिहिलंय, म्हणून इथे मापं देतो. चूक दिसली तर आकड्यांसह दाखवा.

कॅल्शियमची बाटली, १ लिटर: कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १३६ ग्रॅम. आधी ७०० मिली आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी घ्या आणि त्यात क्षार थोडा थोडा सोडा. विरघळताना पाणी चांगलंच तापतं, त्यामुळे काचेची बरणी नको, जाड प्लॅस्टिकचं भांडं घ्या. गार झालं की १ लिटरपर्यंत भरा. मिलीला ३७ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं.

अल्कलिनिटीची बाटली, १ लिटर: खाण्याचा सोडा १५७ ग्रॅम, पसरट ताटात पातळ थर देऊन ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर. भाजून झाल्यावर वजन ९९ ग्रॅम भरलं पाहिजे, कारण पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. ११० भरलं तर परत आत ठेवा. न भाजता १५७ ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळतच नाही, गाळ तळाशी बसतो. ओव्हन नसेल तर लिटरला ७८ ग्रॅम कच्चा सोडा घ्या आणि डोस दुप्पट करा.

दगड-वाळू वजा जाता १७० लिटर पाणी धरलं, तर अल्कलिनिटीच्या बाटलीतले ३२ मिली १ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) वाढवतात. कॅल्शियमचे ३२ मिली ७ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) वाढवतात. कोरल सांगाडा बांधतात तेव्हा दोन्ही याच प्रमाणात खर्च होतात, म्हणून डोस समान. रोजचा खप काढायचा तर तीन दिवस डोस बंद ठेवा, पहिल्या आणि चौथ्या दिवशी एकाच वेळी डीकेएच मोजा आणि फरकाला तीनने भागा. खप कॅल्शियमवरून काढू नका. ४२० मधले ७ पीपीएम किटच्या चुकीतच बुडून जातात.

काटा_बिबवेवाडी
मापं बरोबर आहेत, पण ती पुण्याच्या जुलैत टिकणार नाहीत. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी इतकं ओढतं की उघडी पिशवी आठवड्यात चिकट लगदा होते. मग काट्यावरच्या १३६ ग्रॅममध्ये क्षार किती आणि पावसाळा किती?

दुसरी गफलत उलट्या बाजूची. बोहरी आळीत 'कॅल्शियम क्लोराइड' एवढंच म्हणाल तर निर्जल मालही हातात पडू शकतो. त्याचे १०२ ग्रॅम म्हणजे तुमचे १३६. लेबल न वाचता १३६ घातलेत की बाटली एक तृतीयांशाने जास्त कडक. आणि रस्त्यावर धूळ बसवायला मारतात तो टेक्निकल ग्रेडचा माल टाकीसाठी नको. फूड ग्रेड किंवा लॅब ग्रेडच मागा.

डोसर_कोथरूड
लेबलाचा मुद्दा मान्य. ओलाव्यावर उपाय आहे: पिशवी उघडली की त्याच दिवशी सगळ्याचं द्रावण करून टाका. द्रावण खराब होत नाही. शंका आली तर घनता बघा. बरोबर जमलेल्या द्रावणाच्या १ लिटरचं वजन साधारण १,०८० ग्रॅम भरतं. १,०६० भरलं तर ते पातळ आहे. हे मेजरिंग सिलिंडरने मोजा, स्वयंपाकघरातल्या कपाने नाही.

निवळी
तुम्ही दोघं काट्यावरून भांडताय, खरा प्रश्न बाजूलाच राहिला. कॅल्शियम आणि कार्बोनेट प्राणी उचलतात. मागे उरलेल्या सोडियम आणि क्लोराइडचं काय? ते साधं मीठ होऊन टाकीतच राहतं. वरच्या टाकीत रोज १ डीकेएच खप असेल तर रोज साडेतीन ग्रॅम, महिन्याला १०५ ग्रॅम. म्हणजे महिन्याला लिटरमागे ०.६ ग्रॅम क्षारता वाढली. ती आरओ पाण्याने खाली आणलीत की मॅग्नेशियम, पोटॅशियम, सल्फेट सगळंच थोडं थोडं पातळ होत जातं. किटवर कॅल्शियम आणि डीकेएच झकास दिसतात आणि बाकीचं पाणी समुद्रासारखं राहत नाही.

यापेक्षा चुन्याची निवळी घाला. हो, आजी द्यायची तीच. लिटरभर आरओ पाण्यात २ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळा, झाकण लावून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी टॉप-अपला, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढायला, वापरा. लिटरमागे सुमारे ४० मिलिइक्विव्हॅलंट (अल्कलिनिटीचं दुसरं एकक) अल्कलिनिटी आणि ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, मागे मीठ उरत नाही. उन्हाळ्यात रोज ३ लिटर पाणी उडत असेल तर तेवढ्याने २ डीकेएचची भरपाई होते. पानाच्या डबीतला चुना मात्र नको, त्यात काय कालवलंय कोण सांगणार!

डोसर_कोथरूड
निवळी उत्तम, पण ती बाष्पीभवनाच्या भरवशावर चालते. एप्रिलमध्ये ३ लिटर उडतात, ऑगस्टच्या दमट हवेत त्याच्या निम्मेही उडत नाहीत. खप तोच, भरपाई अर्धी. शिवाय निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. टॉप-अपचा फ्लोट (पातळी बघून पाणी सोडणारा तरंगता स्विच) अडकला आणि ५ लिटर एकदम पडलं तर सकाळी टाकी दुधासारखी दिसेल.

मिठाचा हिशेब पूर्ण करा. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर साठलेलं मीठही १० टक्के बाहेर जातं. रोज साडेतीन ग्रॅम धरले तर साठा २४५ ग्रॅमवर थांबतो, म्हणजे लिटरला १.४ ग्रॅम. क्षारता लिटरला ३५ ग्रॅमवर आणून ठेवलीत की बाकी घटक ४ टक्के खाली, १,३०० चं मॅग्नेशियम १,२५० च्या आसपास. एवढ्याने काही बिघडत नाही. पाणी न बदलणाऱ्यांसाठी तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा आहे.

लेदर_औंध
अहो, पण हा खप आहे कुणाच्या टाकीत? सगळे दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे ते टाकीत ठेवता येत नाहीत. उरले लेदर, मशरूम, झोअँथस हे दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रकार. त्यांच्यासाठी डोसिंग पंपाचा थाट कशाला? आठवड्याला १० टक्के पाणी बदला, झालं.

काटा_बिबवेवाडी
कायद्याचं बरोबर, हिशेबाचं चूक. नवं पाणी ११ डीकेएचचं आणि टाकी ८ वर असेल तर १० टक्के बदलाने फक्त ०.३ डीकेएच मिळतो, तोही आठवड्यात एकदाच. काचेवर आणि दगडावर जांभळी कोरलाइन (चुनखडीचा थर बांधणारं शेवाळ) चांगली पसरली असेल, वर गोगलगायी असतील, तर एवढा खप दोन-तीन दिवसांत होतो. अशा टाकीला पंप लागत नाही हे मान्य, पण सोडा लागतो. १७० लिटरला ५ ग्रॅम कच्चा खाण्याचा सोडा म्हणजे १ डीकेएच. कपभर आरओ पाण्यात विरघळवा आणि प्रवाहात हळूहळू ओता. दिवसाला १ डीकेएचच्या वर चढवू नका.

आणि सोडा म्हणजे सोडाच. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च असतो. धुण्याच्या सोड्याच्या खड्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, वर साबणाचे पदार्थ मिसळलेले असू शकतात. पापडखार तर लांबच ठेवा.

लेदर_औंध
पाणी बदलून भागत नाही, बरं, पटलं. मग मॅग्नेशियमला मेडिकलमधलं एप्सम सॉल्ट चालेल का? ते तर शुद्धच असतं.

निवळी
शुद्ध असतं, पण एकटं नको. १७० लिटरमध्ये १०० पीपीएम मॅग्नेशियम चढवायला १७२ ग्रॅम एप्सम लागेल आणि सोबत सल्फेट जवळपास ४०० पीपीएमने वाढेल. समुद्रात ते २,७०० च्या आसपास असतं. त्यापेक्षा मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट १२० ग्रॅम आणि एप्सम २७ ग्रॅम, दोन दिवसांत विभागून. मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये कधी कधी अमोनिया निघतो, म्हणून आधी बादलीभर खाऱ्या पाण्यात टाकीच्याच प्रमाणात मिसळून अमोनिया तपासा. घट्ट द्रावणावर किट लावाल तर रंग भलताच येईल. आयोडीन, स्ट्रॉन्शियम वगैरे घरी कालवायला माझा ठाम विरोध. जे मोजता येत नाही ते घालू नये.

डोसर_कोथरूड
शेवटच्या वाक्यावर आपलं एकमत, बाकी राहू दे.

पंप लावणाऱ्यांसाठी: दोन्ही डोसमध्ये किमान अर्धा तास ठेवा, नळ्यांची टोकं लांब आणि जोराच्या प्रवाहात. भाजलेला सोडा रात्री द्या, तेव्हा पीएच खाली असतो. पाण्यात पांढरा बर्फ (बाहेर पडलेलं कॅल्शियम कार्बोनेट) दिसला तर डोस बंद. त्या वेळी डीकेएच कमी भरतो आणि लोक घाबरून आणखी ओततात, मग आणखी बर्फ पडतो. दिवसभर थांबा, पुन्हा मोजा आणि रिटर्न पंप (सम्पमधून, म्हणजे खालच्या टाकीतून, पाणी वर चढवणारा) निम्म्या व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवा.

काटा_बिबवेवाडी
एक राहिलं. डोसिंग पंप इन्व्हर्टरवर आणि रिटर्न पंप साध्या बोर्डावर, अशी जोडणी असेल तर वीज गेल्यावर डोस चालूच राहतो आणि सम्पच्या साचलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि सोडा एकमेकांवर पडतात. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या.